डाव्या कोपऱ्यातला काळा ठिपका

चंदा डावखुरी. एवढं सांगितलं की तिच्या आयुष्यातली निम्मी भांडणं सांगून होतात. शाळेत गुरुजींनी त्या हातावर पट्ट्या मारल्या. लग्न होऊन आली तर पंगतीत डाव्या हाताने वाढलं म्हणून सासूने गावभर बोभाटा केला. नवऱ्यामागे सिल्वासात आल्यावर खुर्च्यांच्या कारखान्यातल्या सुपरवायझरने "उलटा हाथ नहीं चलेगा" म्हणून तिसऱ्याच दिवशी घरी बसवलं. आणि मग जवळच्याच नरोलीच्या या कंपनीत त्याच हाताने तिला नाव मिळवून दिलं. माणसांचं काही सांगता येत नाही. ज्याला नावं ठेवतात त्याचंच पुढे कौतुक करतात.

कंपनी लहान. बाहेरून तयार होऊन आलेल्या सिलिकॉन कार्बाइडच्या चिपा इथे पट्टीवर बसवायच्या, तारा जोडायच्या, वरून पारदर्शक, लिबलिबीत जेल भरायचं आणि तापवून, व्होल्टेज लावून तपासायच्या. रेल्वेच्या इंजिनात नाहीतर मोठ्या सोलर प्लँटात त्या जातात. चिप नखाएवढी आणि किंमत ऐकली तर हात थरथरावा अशी. चंदाचा हात कधी थरथरला नाही. नऊ वर्षांत चिमट्याने उचललेल्या चिपांचा हिशोब कुणाकडे नाही, पण तिच्या हातून चिप पडलेली कुणी पाहिली नव्हती. तरी ती ठेकेदाराच्याच कागदावर होती. या वर्षी कुठे तिचं नाव कायम करायला वर गेलं, आणि पत्र एक तारखेला, शनिवारी मिळणार असं ठरलं. वाल्मिक, तिचा नवरा, सूतगिरणीत बारा तास उभा राहणारा अबोल माणूस. त्या दिवसापासून तोही कामावर जाताना शीळ घालू लागला.

नव्या चिपेचं प्रकरण जानेवारीत सुरू झालं. ती अमृता मॅडमनी आखलेली. अमृता इथलीच म्हणायची. वडील कोकणातून येऊन सिल्वासाच्या सरकारी शाळेत गणित शिकवत होते. पोरगी मुंबईत शिकून परत आली आणि तीन वर्षं एकाच गोष्टीच्या मागे लागली, ती म्हणजे चिपेची कड. एकदा दुपारच्या चहाला तिने सगळ्या बायकांना फळ्यावर चित्र काढून दाखवलं. चिप बंद असते तेव्हा तिला तेहतीसशे व्होल्ट अडवून धरायचे असतात. मधल्या भागाला ते जमतं. पण जिथे चिप कापलेली असते तिथे, कडेला, सगळं दडपण गोळा होतं, आणि फुटायची ती तिथेच फुटते. त्यातही कोपऱ्याशी आधी. म्हणून कडेभोवती एकाबाहेर एक रिंगा आखायच्या. प्रत्येक रिंग थोडा थोडा भार काढून घेते, आणि शेवटच्या रिंगेबाहेर काही उरत नाही.

"म्हणजे बांधामागे बांध," चंदा म्हणाली. तिचे वडील कारभारी पांझरेकाठच्या गावात पाटकरी होते. पाटाचं पाणी कुणाच्या शेतात किती वेळ सोडायचं हे बघणारा माणूस. "एकाच बांधानं सगळं पाणी धराले गेलं तर तो फुटणारच, मॅडम."

अमृताने खडू खाली ठेवला. "चंदाबेन, मला हे समजायला दोन वर्षं लागली."

बायका हसल्या. चंदाला त्या दिवशी जेवण गोड लागलं. फळ्यावरची पुढची गोष्ट मात्र कुणी फारशी मनावर घेतली नाही. जुन्या चिपेत शेवटच्या रिंगेबाहेर एक रुंद कोरी पट्टी असायची. अमृताने रिंगा जवळजवळ घेतल्या आणि ती पट्टी जवळपास काढूनच टाकली. तिथे विजेचं काही काम नव्हतं. तेवढी जागा वाचली की चिपा ज्या चकतीतून कापतात त्या एकेका चकतीतून कितीतरी जास्त निघणार होत्या, आणि कंपनीला तेच हवं होतं.

पहिला लॉट ऐंशी चिपांचा. वीस-वीसचे चार ट्रे. त्या लॉटला दोन नियम लावले होते. एक, चिमटा बंद. चिप हवेने ओढून धरणाऱ्या पेननेच उचलायची. दुसरा, सगळा लॉट पट्टीवर लावणारा हात एकच पाहिजे आणि रजिस्टरमध्ये त्या एकाच बाईचा नंबर. काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते शोधता यावं म्हणून. काम गुड्डीकडे दिलं. गुड्डी नवापूरकडची, चंदाच्याच गल्लीत भाड्याच्या खोलीत राहणारी, नवरा अथालला ट्रक भरायच्या कामावर, पदरात दोन लेकरं. तिला कंपनीत आणली चंदाने, आणि काम शिकवलं तेही चंदाने.

दोन ट्रे झाले आणि गुड्डीला शाळेतून फोन आला. धाकटीला उलट्या होत होत्या. लॉट दुपारपर्यंत लागायचा होता, आणि अर्धवट सोडून गेली तर दुसऱ्या दिवशी ठेकेदार गेटवरूनच परत पाठवणार. चंदा तिच्या टेबलाशी गेली. "तू फोन कर, गाडी बघ, तवलोंग मी एक ट्रे लावस." गुड्डी बाहेर पळाली. चंदाने पेन हातात घेतली. हवा सोडायचं बटण उजव्या अंगठ्याच्या बाजूला. डाव्या हातात ती पेन धरायची म्हणजे मनगट पिरगाळायचं. तिने दोन वेळा करून बघितलं, चिप तिरकी बसली. तिसऱ्या वेळी तिने पेन बाजूला ठेवली आणि खिशातून आपला चिमटा काढला. वीस मिनिटांत तिसरा ट्रे लागला, एका रेषेत, देखणा. गुड्डी परत आली, चौथा ट्रे तिने लावला, रजिस्टरवर आपला नंबर घातला आणि धावतपळत घरी गेली. यात कुणी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवतो.

ऐंशी चिपा ओव्हनमध्ये गेल्या. भरपूर ताप, वर अडीच हजारांहून जास्त व्होल्ट, आणि असे एक हजार तास काढायचे. दोन आठवडे होईतो पाच चिपा जळाल्या. पाचही तिसऱ्या ट्रेच्या.

इंजिनांसाठी चिपा घेणाऱ्या कंपनीबरोबर येत्या शुक्रवारी तीन वाजता फोनवर बैठक होती. चिपेचं डिझाइन कच्चं आहे असं निघालं तर अमृताची तीन वर्षं पाण्यात जाणार होती. हाताळणीत चूक असेल तर डिझाइन वाचणार होतं, पण मग चूक करणाऱ्याचं नाव द्यावं लागणार होतं. प्रॉडक्शन मॅनेजर योगेश सर घाईचे गृहस्थ. त्यांनी रजिस्टर उघडलं, नंबर बघितला आणि सोमवारी सकाळी गुड्डीला बोलावलं.

"तिसऱ्या ट्रेला घाई केलीस ना?"

"नाही सर."

"सगळे ट्रे तूच लावलेस?"

गुड्डीने रजिस्टरवरच्या आपल्या नंबराकडे बघितलं. "हो सर. मीच."

दुपारी ती डबा न खाताच घरी गेली. परत येऊ नको असं ठेकेदाराने सांगितलं होतं.

चंदाला वाटलं, गुड्डीने आपलं नाव घेतलं नाही ते नियम मोडल्याचं उघड होऊ नये म्हणून. वाईट वाटलं, पण आपला ट्रे तर सुबक लागला होता. जळण्याशी आपला काय संबंध, असं तिने मनाला समजावलं. माणूस मनाला काय वाटेल ते समजावतो. हे समजावणं मंगळवारी सकाळी साडेदहापर्यंत टिकलं.

मंगळवारी अमृताने जळलेल्या पाच चिपांवरचं जेल काढून त्या मायक्रोस्कोपखाली ठेवल्या आणि फोटो काढायला चंदाला बसवलं. पहिली चिप. खालच्या डाव्या कोपऱ्यात काळा ठिपका, शेवटच्या रिंगेवर. दुसरी चिप. तोच कोपरा. तिसरी बघताना चंदाने दोनदा फोकस फिरवून बघितला. चौथी आणि पाचवी तिने बघितली ती बघायची म्हणून. काय दिसणार ते तिला कळून चुकलं होतं. ट्रेमध्ये सगळ्या चिपा एकाच बाजूने ठेवलेल्या असतात. उजव्या हाताची बाई चिमट्याने उचलेल तर उजवा कोपरा धरेल. खालचा डावा कोपरा धरणारी बाई त्या मजल्यावर एकच होती.

नऊ वर्षं ती तिथेच धरत आली होती. तिथे कोरी पट्टी असायची, चिमट्याचं टोक तिच्यावर टेकायचं आणि कुणाचं काही बिघडायचं नाही. आता ती पट्टीच नव्हती. टोक थेट शेवटच्या बांधावर टेकलं होतं.

"काही विशेष दिसतंय का?" मागून अमृताने विचारलं.

"कोपऱ्यात जळल्यात, मॅडम."

"ते दिसतंय मलाही. कोपराच का, तेच कळत नाहीये. माझीच आखणी चुकली असेल." अमृताच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत उभी राहिली आणि चंदा तिच्याकडे न बघता फोटो काढत राहिली.

बुधवारी संध्याकाळी कामावरून येताना चंदा गुड्डीच्या खोलीवर गेली. सांगायचंच म्हणून गेली होती. गुड्डी दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने चंदाला आत बसवलं, पंखा तिच्याकडे फिरवला, चहा टाकला. चंदाने तोंड उघडलं तेवढ्यात गुड्डीच म्हणाली, "ताई, तू काही बोलू नको. तू ट्रे लावा ते मी कोणलेच सांगं नही. तुनं पत्र व्हई जाऊ दे पहिले. मनं काय, मी दुसरीकडे बघसू."

गुड्डीला वाटत होतं की आपण फक्त नियम मोडल्याची गोष्ट झाकतो आहोत. जळलेल्या चिपा कुणाच्या हाताने जळल्या हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ते सांगायला आलेली बाई समोर बसून चहा पीत होती. चंदाने कप खाली ठेवला. "धाकटी बरी शे ना?" एवढंच तिच्या तोंडून निघालं. घरी येईपर्यंत तिने स्वतःला काय काय शिव्या दिल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गुरुवारी पहाटे वाल्मिक पाळीवर निघताना तिने त्याला सांगितलं. तो चपलेत पाय अडकवून तसाच उभा राहिला.

"आज गुरुवार. शनिवारी पत्र," तो म्हणाला. "दोन दिवस थांब. पत्र हातात आलं की सांग. मग काढता येत नाही."

"आणि उद्या बैठक शे. गुड्डीचं नाव जाईल त्याच्यात."

वाल्मिक डबा घेऊन निघाला. त्या दिवशी त्याने शीळ घातली नाही. आणि चंदा? चंदा थांबली. मला तिचा राग येतो आणि तिच्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते छातीवर हात ठेवून सांगवतही नाही. नऊ वर्षं ठेकेदाराच्या रजिस्टरवर काढलेल्या माणसाला दोन दिवस थांब म्हटलं तर तो थांबतो. गुरुवारी योगेश सर जाता जाता "चंदाबेन, शनिवारी पेढे पाहिजेत हं" म्हणाले आणि सगळ्या मजल्याने ते ऐकलं.

शुक्रवारी अकरा वाजता सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. अमृता कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. टेबलावर एक छापील कागद. चारही ट्रे गुड्डीने लावले आणि तिसऱ्या ट्रेला तिने निष्काळजीपणा केला, असं त्यावर लिहिलं होतं. खाली जुन्या ऑपरेटरची साक्ष म्हणून चंदाची सही हवी होती.

"सही करा, चंदाबेन. तीन वाजता पाठवायचंय."

आतापर्यंत फक्त गप्प राहायचं होतं. आता खोटं लिहून द्यायचं होतं, आणि तेही त्याच हाताने. तिने पेन उचललं, कागदावर टेकवलं आणि तिथेच थांबली. शाईचा ठिपका पसरत गेला.

"काय झालं?" सरांनी घड्याळाकडे बघितलं.

"तिसरा ट्रे गुड्डीनं नाही लावला, सर. मी लावला. चिमट्यानं."

सर काही बोलायच्या आत अमृता उठली. "कसा धरलात चिमटा? दाखवा."

ती तिला घेऊन सरळ मजल्यावर आली. लॉट लावून उरलेल्या सुट्या चिपांतल्या दहा काढल्या. पाच चंदाने चिमट्याने उचलायच्या, नेहमीसारख्या. पाच शेजारच्या टेबलावरच्या शीतलने पेनने. सगळ्यांनी कामं सोडून गराडा घातला. चंदाने पहिली चिप उचलली. चिमट्याचं टोक न चुकता त्याच जागी टेकलं. अमृताने चिप मायक्रोस्कोपखाली सरकवली. खालच्या डाव्या कोपऱ्यात, शेवटच्या रिंगेवरच्या संरक्षक थरावर, एक बारीकशी चरी. डोळ्याला दिसणारही नाही एवढी.

मग एकेक चिप तापलेल्या तेलात बुडवून व्होल्टेज चढवायला घेतलं. शीतलच्या पाचही चिपा तेहतीसशेच्या वर शांत राहिल्या. चंदाची पहिली चिप लावली तेव्हा तिने मनातल्या मनात देवाला हाक मारली, ही तरी टिकू दे. आपणच दोषी ठरावं म्हणून तिने तोंड उघडलं होतं, आणि आता आपण निर्दोष निघावं म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. हजार. दोन हजार. अडीच हजार. आकडा चढत होता तशी बाजूच्या पडद्यावर विजेची गळती कणाकणाने वाढायला लागली. एकोणतीसशेला टक् असा आवाज झाला आणि तेलातून धुराचा एक बुडबुडा वर आला. दुसरी टिकली. तिसरी गेली. चौथी गेली. पाचवी लावायची अमृताने गरज मानली नाही.

"पुरे," ती म्हणाली. मग सरांकडे वळली. "डिझाइन टिकतंय, सर. पण बैठकीत मी हेही सांगणार आहे की शेवटच्या रिंगेबाहेर जागा न ठेवण्यात माझी चूक झाली. मी विजेपुरती जागा मोजली. चिपेला कुणाचा तरी हात लागतो हे माझ्या आखणीत नव्हतं. बाहेरची पट्टी परत ठेवावी लागेल."

योगेश सरांनी तो छापील कागद चुरगळला. रागाने की सुटल्यासारखं होऊन, ते कळलं नाही. "तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलं असतं का?" ते चंदाला म्हणाले. "उद्याच पत्र होतं. आता मी कोणत्या तोंडाने वर पाठवू?"

"गुड्डीला बोलवा, सर," चंदा म्हणाली.

"सोमवारी येऊ दे."

संध्याकाळी गल्लीत शिरताना तिला हलकं वाटत होतं. पत्र गेलं, निदान वर्षभर तरी गेलं, हे तिला कळत होतं. पण गुड्डीच्या दारात उभं राहताना मान खाली घालावी लागणार नाही असं तिला वाटलं. तिने सगळं सांगितलं, ठिपक्यापासून तेलातल्या बुडबुड्यापर्यंत. सोमवारपासून ये म्हटल्यावर गुड्डीचा चेहरा उजळला. तिने धाकटीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांतून हात फिरवू लागली. मग हळूहळू तिचा हात थांबला.

"तो ठिपका तू कव्हय देखा, ताई?"

"मंगळवारे."

गुड्डी बोटं मोजत नव्हती, पण मोजल्यासारखा वेळ गेला. "म्हणजे बुधवारे तू आठे बठेल व्हती, तव्हय तुले माहीत व्हतं."

"व्हतं."

"तुना पत्रासाठे मी तोंड उघाडं नही. आनि तू?"

चंदा उंबऱ्याशी उभी राहिली. आत ये असं गुड्डी म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. थोड्या वेळाने चंदाच निघाली.

सोमवारी गुड्डी वेळेवर कामावर आली. टोपी घातली, मनगटाला पट्टा बांधला, आपल्या टेबलाशी बसली. ती रागात दिसत नव्हती. शीतलशी हसून बोलली, धाकटीची गंमत सांगितली. कंपनीत सगळे चंदाला चंदाबेन म्हणायचे. एकटी गुड्डी तिला ताई म्हणायची आणि अरेतुरे करायची. दहा वाजता तिला नव्या चिपा हव्या होत्या. तिने मान वर केली आणि सगळ्यांसारखंच म्हटलं, "चंदाबेन, तेवढा ट्रे द्या ना."

चंदाने उठून ट्रे दिला.